शेवटचा उठेपर्यंत

मे महिना. जळगावात रात्री अकरालाही
भिंतीला हात लावला तर पोळायचा.
रक्तपेढीच्या मागच्या खोलीत माझी आठ यंत्रं,
कूलर एकच, तोही त्यांच्याकडे तोंड करून.

भिरूड दारात आले.
ओ निगेटिव्ह, दोन बाटल्या,
धरणगावची बाई आहे, टेबलावर घेतलीय.
मी प्रश्न एकच टाईप केला.
आत जाऊन तो आठ झाला.

आडनावांची वाटणी मीच केली होती,
बाराखडी समोर ठेवून, पुस्तकात सांगितली तशी:
स्वर एकाकडे, क-ख-ग दुसऱ्याकडे,
त-थ-द चौथ्याकडे, प आठव्याला.
पुस्तक लिहिणारा खानदेशात आला नसावा.
इथे प हे अक्षर नाही,
अर्धा जिल्हा आहे.

पहिलं परतलं. नाही.
पाचवं, दुसरं, सातवं. नाही.
चौथ्यानं एक नाव उचललं आणि खाली ठेवलं:
रंजना सुपडू देसले, मारवड. पत्ता बंद.
मग तिसरं, सहावं.
सात जण हात धुऊन बसले
आणि आठवं एकटं पाटलांत शिरलेलं,
एकेकाला थांबवून विचारत होतं.

पंगतीत शेवटचा जेवून उठेपर्यंत
कुणी उठायचं नसतं, हे आजोळी शिकले.
एक मामा होते. बट्टी कुस्करायचे, वरण ओतायचे,
मध्येच कुणाच्या तरी बैलाची गोष्ट,
ओळीतल्या साऱ्यांचे हात वाळून जायचे.
किती वेळ लागणार, हे पंगत ठरवत नव्हती.
मामा ठरवत होते.

भिरूड घड्याळाकडे बघत नव्हते,
म्हणून मला कळलं की किती वाजलेत.

मग आला:
पाटील, भाग्यश्री प्रमोद, एरंडोल.
गट जुळतो. मागचं रक्तदान दिवाळीआधीचं. फोन नाही.

पण माझ्याकडे नोंद म्हणजे
तारेत ओवलेला कागद नव्हता.
प्रत्येकीच्या पोटात एक बोट होतं,
दुसऱ्या कुणाकडे तरी दाखवणारं.
हिचं बोट म्हणालं: वडील, तिकडे.
तिकडे म्हणजे चौथ्याकडे.
हात धुतलेल्याला पुन्हा पानावर बसवलं.
सुपडू देसले. अपत्य एक.
त्या अपत्याचा क्रमांक
आणि भाग्यश्रीचा क्रमांक
शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

नाव बदललं, आडनाव बदललं, तालुका बदलला.
क्रमांक कुणी विचारला नव्हता, म्हणून राहिला.
माझंही एक नाव तांदळाच्या ताटात
अंगठीच्या टोकानं लिहिलेलं.
ते मोत्यासारखं आलं होतं, सगळे म्हणाले.
नंतर त्याच तांदळाची खीर केली.

सुपडू देसल्यांचा फोन पी.पी., किराणा दुकानाचा.
दुकानदार चिडला, मग धावला.
बऱ्याच वेळानं दूरवरून धाप:
"आमनी रंजी? ती तठेच शे, जळगावले,
नणंदकडे."

बारा वाजून दहा मिनिटांनी ती रिक्षातून उतरली,
केस ओले, पायात नणंदेच्या चपला.
फॉर्मवर नावाची चौकट दोन बोटांची.
"कोणतं लिहू?"
भिरूडांनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, मावेल ते.
तिनं रंजना लिहिलं, थांबली,
पेन कागदावरच राहिलं आणि शाईचा एक ठिपका वाढला.

दुसरी बाटली भुसावळहून येत होती.
बाईचं पुढे काय झालं, ते माझ्या प्रश्नात नव्हतं.
सकाळी जिन्यात भिरूडांना विचारलं.
"मुलगी झाली," म्हणाले,
आणि "नाव अजून नाही."

त्या आठवड्यात मी पाटलांचे तालुके पाडले,
एकेका यंत्राला थोडे थोडे वाढले.
आता पंगत लवकर उठते.
तरी चोपड्याचे पाटील शेवटीच येतात,
का ते मला अजून सापडलेलं नाही.